अस्सीवरचं राजकारण रेडिओवर का ऐकू येत नाही?

वाराणसीत अस्सी घाटाजवळच्या चहाच्या दुकानांत सकाळपासून राजकारणाचा फड रंगतो. पप्पूचं दुकान त्यासाठी दूरवर माहीत आहे. काशीनाथ सिंह यांनी तर 'काशी का अस्सी' या कादंबरीत ही सगळी बैठक माणसांसकट आणून बसवली आहे. तिथे गल्लीतल्या तुंबलेल्या गटारापासून दिल्लीच्या मंत्रिमंडळापर्यंत कुणाचीही गय होत नाही.

त्याच शहरात एखादं खासगी एफएम केंद्र लावून बघा. निवेदक हिंदीत भोजपुरी मिसळून मोकळेपणाने बोलत असतो. गोदौलियाला गाड्या कुठे अडकल्यात, देवदीपावलीला घाटावर किती वाजता पोचावं, डेंग्यूच्या दिवसांत कूलरमधलं पाणी का बदलावं, हे सगळं त्याच्या बोलण्यात येतं. वॉर्डातून कोण निवडून यावा आणि का, हा विषय मात्र निघत नाही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात खासगी एफएम ऐकणाऱ्यांचाही अनुभव हाच आहे. ज्या विषयावर माणसं सगळ्यात जास्त बोलतात, तोच गावच्या रेडिओवर नाही.

निवेदक घाबरट आहेत किंवा श्रोत्यांना रस नाही म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. रेडिओवरच्या गप्पा कशा घडतात हे नीट समजून घेतलं की कारण सापडतं. लहर कुठवर जाते, श्रोत्याचा फोन प्रसारणात कसा शिरतो, कायद्याने रेघ कुठे ओढली आहे आणि आवाज घरात पोचल्यावर पुढे काय होतं, अशा चार टप्प्यांनी जाऊ.

लहरीलाही वेस असते

स्थानिक रेडिओ 'स्थानिक' राहतो त्यामागे मुळात भौतिकशास्त्र आहे. आकाशवाणीची जुनी केंद्रं मध्यमलहरींवर बोलत आली. या लहरींची लांबी काहीशे मीटर असते. जमिनीला धरून त्या लांबवर जातात. रात्री तर त्यांचा पल्ला आणखी वाढतो, कारण दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणात तयार होणारा आणि या लहरी शोषून घेणारा एक थर अंधार पडला की विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरावर आदळून दूर कुठेतरी खाली उतरतात. रात्री रेडिओची सुई फिरवताना परप्रांतातलं केंद्र अचानक लागायचं, ते यामुळे.

एफएमचं तसं नाही. एफएम केंद्रं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात आणि त्यांची लहर साधारण ३ मीटर लांबीची असते. ती जवळपास सरळ रेषेत जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरावर जमीन खाली वळते आणि लहर तिच्या डोक्यावरून निघून जाते. याचा एक सोपा हिशेब आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ने गुणलं की लहरीचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ३० मीटरच्या मनोऱ्यासाठी ते साधारण २२ ते २३ किलोमीटर येतं आणि १०० मीटरच्या मनोऱ्यासाठी ४१ किलोमीटरच्या आसपास.

आपल्याकडच्या सामुदायिक रेडिओला म्हणजे कम्युनिटी रेडिओला ३० मीटरपर्यंतच मनोरा आणि सर्वसाधारणपणे १०० वॅटचीच प्रक्षेपणशक्ती मिळते. इमारती, झाडं आणि गावातल्या विजेच्या यंत्रांचा खरखराट लक्षात घेतला तर स्वच्छ ऐकू येण्याचा पल्ला १० ते १५ किलोमीटर उरतो. वाराणसी शहरात असा मनोरा उभा राहिला, तर सारनाथला आणि गंगेपलीकडच्या रामनगरला त्याचा आवाज पोचेल. जौनपूरला मात्र तो पोचणार नाही.

एफएमचा आणखी एक गुण असा की एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली, तर रेडिओ त्यातलं जोरकस केंद्र धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण दाबतो. त्यामुळे तोच आकडा दूरच्या दुसऱ्या शहराला बिनदिक्कत देता येतो. देशात शेकडो लहान केंद्रं शक्य होतात ती यामुळे.

या छोट्या पल्ल्याला मी उणीव मानत नाही. ज्याच्या दारातली बोरवेल आटली आहे तो, बोरवेलवाला आणि तहसील कचेरीतला कारकून हे तिघंही एकाच लहरीच्या आवाक्यात असतील, तर तिथलं बोलणं आपोआप नेमकं होतं. आकाशवाणीनेही हे ओळखलं होतं. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी नागरकोविलला तिचं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं आणि पुढे धुळे, बीड, साताऱ्यासारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी अशी केंद्रं आली.

"आधी तुमचा रेडिओ बंद करा"

फोन-इन कार्यक्रम ऐकणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. नमस्कार, नाव, गाव झालं की निवेदक हेच सांगतो. श्रोता बिचारा आपला आवाज रेडिओवर कसा येतो हे ऐकायला उत्सुक असतो आणि नेमकं तेच त्याला करू देत नाहीत.

कारण तपशिलात बघण्यासारखं आहे. श्रोत्याचा आवाज फोनमधून स्टुडिओत येतो, तिथल्या मिक्सरमधून प्रक्षेपकाकडे जातो आणि लहरीवर स्वार होऊन पुन्हा त्याच्याच घरातल्या रेडिओतून बाहेर पडतो. शेजारी फोन चालू असेल, तर हा आवाज परत फोनमध्ये शिरतो. असं वर्तुळ पूर्ण झालं की प्रत्येक फेरीत आवाज वाढत जातो आणि शेवटी कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. लग्नात माइक स्पीकरसमोर गेल्यावर ऐकू येते, तीच ही शिट्टी.

स्टुडिओतही याची काळजी घ्यावी लागते. जुन्या लँडलाइनमध्ये एकाच तारांच्या जोडीतून दोन्ही बाजूंचं बोलणं एकाच वेळी वाहतं. प्रसारणासाठी श्रोत्याचा आवाज वेगळा काढायचा, निवेदकाचा श्रोत्याकडे पाठवायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, यासाठी हायब्रिड नावाची पेटी वापरतात. मिक्सरवर बसलेला माणूसही एक नियम कटाक्षाने पाळतो. श्रोत्याला कार्यक्रमातलं सगळं ऐकवायचं, पण त्याचा स्वतःचा आवाज त्यातून वगळायचा. स्वतःचं बोलणं थोड्याशा उशिराने कानावर पडलं की माणूस अडखळतो, शब्द लांबवतो आणि गप्प होतो. बोलताना आपलाच आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागून ऐकवला, तर भलेभले वक्तेही गडबडतात.

निवेदक श्रोत्याचं नाव आणि गाव पुन्हा का उच्चारतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. साधा फोन ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचेच स्वर वाहून नेतो. 'स', 'श', 'फ' यांचा बराचसा आवाज त्याच्या वर असतो आणि तो वाटेतच गळतो. त्यामुळे घरी ऐकणाऱ्याला 'सासवड' आणि 'फासवड' यांत फरक कळेलच असं नाही. निवेदक माइकवर तेच नाव स्वच्छ उच्चारतो आणि गाळलेला भाग भरून काढतो.

आता खरी जोखीम. थेट प्रसारणात समोरचा माणूस काय बोलेल ते कुणालाच माहीत नसतं. त्याने शिवी दिली किंवा कुणावर नाव घेऊन आरोप केला, तर ते एका क्षणात हजारो घरांत गेलेलं असतं. यावर उपाय म्हणून स्टुडिओतला आवाज काही सेकंद, बहुधा सात-आठ सेकंद, यंत्राच्या स्मृतीत फिरवून मग बाहेर सोडतात. विहिरीवरून पाटाला पाणी सोडलं की वाफ्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. पाण्याला दारं धरणारा माणूस वाटेत गढूळ लोंढा दिसला की फावड्याने माती ओढतो आणि तेवढं पाणी बाहेर काढून देतो. इथे फावड्याच्या जागी एक बटण असतं. ते दाबलं की पाटातले तेवढे सेकंद टाकून दिले जातात. मग पुढच्या बोलण्यातल्या विरामांना कळेल न कळेल इतपत ताणून यंत्र हळूहळू पुन्हा तेवढं अंतर तयार करतं.

बरीच केंद्रं त्याहून सोपी वाट धरतात. फोन आधीच ध्वनिमुद्रित करायचे, कापायचे, जोडायचे आणि मग लावायचे. त्यात जोखीम कमी असते, हे खरं. पण श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नावर तिसऱ्याच गावातून दुसऱ्याचा फोन यावा आणि गप्पांना अनपेक्षित वळण मिळावं, ही मजा त्यात उरत नाही. माझं मन थेट कार्यक्रमाकडे झुकतं. निदान आरोग्य आणि शेतीच्या विषयांत तरी केंद्रांनी हे धाडस करावं.

क्रिकेटच्या सामन्यातून निघालेला निकाल

तंत्राची अडचण अशी सुटते. मग राजकारण कुठे अडतं? कायद्यात.

१८८५च्या तार कायद्याने हवेतून संदेश पाठवण्याचा मक्ता सरकारकडे ठेवला होता. १९९३मध्ये हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रसारणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. सामने दाखवण्याचे हक्क संघटनेने परदेशी कंपनीला दिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत मराठी होते. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या मालकीची नाही आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याचीही नाही, तिचा वापर लोकहितासाठी नियमन करून व्हावा, असा त्या निकालाचा गाभा आहे. निमित्त क्रिकेटचं होतं, पण आज म्हसवडसारख्या गावातल्या बायका सामुदायिक रेडिओच्या माइकवर बोलतात त्याचा पाया तिथे घातला गेला.

त्यानंतर दारं एकेक करून उघडली. देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूला सुरू झालं. २००५च्या धोरणानंतर वाराणसीसारख्या शहरांतही खासगी केंद्रं आली. २००२मध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिलं केंद्र लागलं. २००६च्या अखेरीस ही मुभा स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. १५ ऑक्टोबर २००८ रोजी जहीराबादजवळ संघम रेडिओ सुरू झाला. तिथले कार्यक्रम गावातल्या दलित बायका चालवतात. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' बोलू लागली. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचा रेडिओ शेतकऱ्यांशी बोलतो.

एवढं सगळं खुलं झालं, पण एक दार बंद राहिलं. परवान्याच्या अटीनुसार खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ यांना स्वतःच्या बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडींचे कार्यक्रम करता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र मात्र मजकुरात फेरफार न करता लावता येतं. अस्सीवरचा वाद रेडिओवर येत नाही तो या एका अटीमुळे.

> चौकट: 'बातमी नाही' म्हणून काय चालतं?
>
> २०११च्या धोरणाने काही गोष्टी बातमीच्या व्याख्येतून बाहेर काढल्या. त्यात खेळाच्या स्पर्धांची माहिती, रहदारी आणि हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती व आरोग्याच्या सूचना येतात. नळाला उद्या पाणी येणार नाही, हे सांगता येतं. का येणार नाही आणि दोष कुणाचा, हे विचारायला गेलं की रेघ जवळ येते. याखेरीज सगळ्या केंद्रांना आकाशवाणीची कार्यक्रम आचारसंहिता लागू आहे. तिच्यानुसार मित्रदेशांवर टीका, धर्म वा जातींवर हल्ला, अश्लील किंवा बदनामीकारक मजकूर, न्यायालयाचा अवमान आणि एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला यांना मनाई आहे.

बंदीच्या बाजूने सरकार जे म्हणत आलं आहे त्याचा गाभा सुरक्षेचा आहे. शेकडो लहान केंद्रांवर काय बोललं जातं यावर लक्ष ठेवणं अवघड आहे आणि त्यातून अफवा पसरू शकतात, असं सरकारचं म्हणणं. 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३मध्ये या बंदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने सप्टेंबर २०२३मध्ये खासगी एफएमला दर तासाला १० मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींसाठी द्याव्यात, अशी शिफारस केली.

मला ही बंदी जुनाट वाटते. वर्तमानपत्र, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरचा व्हिडिओ यांतून हेच बोलणं घरोघर जातं. रेडिओ केंद्राचा पत्ता, परवाना, चालक आणि प्रसारणाची नोंद हे सगळं हाताशी असतं. अफवा पसरवणाऱ्याला पकडायचं तर रेडिओइतकं सोपं साधन दुसरं नाही. जिथे बोलणाऱ्याचं नाव माहीत आहे तिथे तोंड बांधायचं आणि जिथे नाव माहीत नाही तिथे वाट मोकळी, हे उफराटं आहे.

वकीलसाहेब आणि डॉक्टर काय टाळतात

कायदा आणि आरोग्य हे स्थानिक गप्पांचे सगळ्यात मागणी असलेले विषय आहेत. त्यांनाही आपापल्या मर्यादा आहेत, पण त्या राजकारणासारख्या गळचेपीच्या नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा श्रोत्याच्या भल्याच्या आहेत.

वकिलांना जाहिरात करायला आणि पक्षकार गोळा करायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. म्हणून जाणता वकील रेडिओवर आपल्या कचेरीचा पत्ता देत नाही. तो कलम समजावतो, कागद कोणता लागेल आणि मुदत किती ते सांगतो. न्यायालयात चालू असलेल्या खटल्यावर मत मागितलं तर तो विषय वळवतो, कारण तिथे न्यायालयाचा अवमान होण्याची शक्यता असते. श्रोत्याला खरा उपयोग होतो तो एका माहितीचा, आणि चांगला निवेदक ती प्रत्येक कार्यक्रमात विचारून घेतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीत असलेले आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले यांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. हक्काचा वकील मोफत मिळतो हे आपल्या खेड्यांत अजून पुष्कळांना ठाऊक नाही. एका फोन-इनने ते तालुकाभर माहीत होऊ शकतं.

डॉक्टरांची अडचण वेगळी. तपासल्याशिवाय औषध सांगायचं नाही, हे त्यांना पाळावं लागतं. मग रेडिओवर सांगायचं काय? चांगला डॉक्टर अशा वेळी लक्षणांची वर्गवारी करतो. ताप किती दिवसांचा, लघवी होतेय का, अंगावर ठिपके आहेत का, हे विचारतो आणि घरी थांबायचं की आजच दवाखाना गाठायचा, एवढंच ठरवून देतो. हे ऐकणाऱ्या शंभर घरांत त्याच दिवशी कुणी ना कुणी तापाने फणफणत असतो. एकाने विचारलेला प्रश्न शंभरांना उपयोगी पडतो, ही रेडिओची खास कमाई.

धोका आहे तो आरोग्याच्या गप्पांचं सोंग घेतलेल्या जाहिरातींचा. मधुमेह मुळापासून बरा करतो, कर्करोग पळवतो अशा दाव्यांच्या जाहिरातींवर १९५४च्या औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. तरीही पैसे देऊन घेतलेल्या अर्ध्या तासात 'वैद्यजी' तेच बोलतात. ओळखायची खूण सोपी आहे. बोलणारा प्रत्येक फोनला एकच औषध सुचवत असेल आणि मागवायचा नंबर पुन्हा पुन्हा देत असेल, तर तो कार्यक्रम विकलेला आहे.

संस्कृतीच्या गप्पांना सगळ्यात कमी अडथळे आहेत. वाराणसीला तर त्यांचा तोटाच नाही. संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह, नागनथैयाची कृष्णलीला, रामनगरची रामलीला, नुसती माहिती सांगायची म्हटली तरी वर्ष भरतं. बनारसच्या गिरिजा देवी रेडिओवर पहिल्यांदा गायल्या त्या १९४९मध्ये, अलाहाबाद केंद्रावरून, कारण तेव्हा वाराणसीला आकाशवाणीचं केंद्रच नव्हतं. आज महमूरगंजात ते आहे.

निवडणुकीत पक्ष रेडिओवर कसे बोलतात?

आकाशवाणीवर राजकारण अगदीच नसतं असं नाही. १९७७च्या लोकसभा निवडणुकीपासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर मोफत वेळ मिळतो. कुणी कधी बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. भाषणाची संहिता आधी दाखवावी लागते आणि आचारसंहितेत न बसणारा मजकूर काढावा लागतो. त्यामुळे ही भाषणं शिस्तीची होतात. पण त्यात उलट प्रश्न विचारणारा कुणी नसतो. एकजण बोलतो, उठतो, मग दुसरा येतो. अस्सीवर जे घडतं त्यात मजा येते ती समोरच्याने लगेच 'कसं काय?' विचारल्यामुळे. राजकारणाच्या बाबतीत रेडिओला हा 'कसं काय' विचारण्याचा भाग फारसा मिळालेला नाही.

पुण्याजवळच्या १५० गावांतला प्रयोग

उलट विचारण्याचा हा भाग मिळाला तर काय होतं, हे दुसऱ्या विषयांपुरतं आपल्याच प्रांतात एकदा मोजून पाहिलं गेलं आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि आपल्या शाळांत ती शिकवली जात नाही याचं वाईट वाटतं.

१९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि प्रसारण खातं सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे काशी विद्यापीठात शिकलेले. असहकाराच्या दिवसांत, १९२१मध्ये, वाराणसीत उभं राहिलेलं हे राष्ट्रीय विद्यापीठ. केसकरांचं नाव निघालं की शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेलं स्थान आणि चित्रपटगीतांशी घेतलेलं वैर आठवतं. पण त्यांच्याच कारकिर्दीत, आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्या पुढाकाराने आणि युनेस्कोच्या मदतीने, १९५६मध्ये पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला. कॅनडात शेतकरी गटाने बसून रेडिओ ऐकत आणि मग चर्चा करत. ती पद्धत इथे आणली गेली.

तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोता मंडळ केलं. फेब्रुवारी ते एप्रिल या दहा आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम पुण्याहून मराठीत लागले. शेती, जनावरं, आरोग्य, सहकार असे ते विषय. कार्यक्रम संपला की सेट बंद करायचा आणि मंडळाने ऐकलेल्यावर बोलायचं. एक जण चर्चा चालवी. दुसरा काय ठरलं, काय पटलं नाही आणि कोणती शंका उरली ते कागदावर उतरवी. तो कागद पुण्याला जाई आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात येत.

या रचनेत फोन नव्हता, हायब्रिड नव्हतं. उलट बोलण्याची सोय पोस्टाने केली होती आणि ती पुरली.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचं मोजमाप केलं. त्यात पॉल नॉयराथ हे समाजशास्त्रज्ञ प्रमुख होते. तुलनेसाठी दोन प्रकारची आणखी गावं घेतली होती: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. कार्यक्रमांआधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली, निरक्षर माणसांतही वाढली. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथली वाढ मात्र किरकोळ निघाली. म्हणजे पुण्याहून निघालेला आवाज दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो ऐकल्यावर चार माणसं एकमेकांशी बोलली की नाही, यामुळे. काही मंडळांनी तर ऐकून थांबण्याऐवजी गावातली कामं ठरवून पार पाडली.

१९५९पासून ही मंडळं देशभर सुरू करण्यात आली. संख्या वाढली तशी पाठपुराव्याची तीच निगा राखणं जमलं नाही आणि चळवळ ओसरली. पुण्याचा अनुभव बघता, पत्राला पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळणं हा या सगळ्या रचनेचा कणा होता. पत्राला उत्तर आलं नाही, की दुसरं पत्र लिहायला बसतो कोण?

आज टपालाची गरज उरलेली नाही. श्रोता व्हॉट्सॲपवर बोलून आवाज पाठवतो. तो स्वच्छ असतो, आधी ऐकून बघता येतो आणि कार्यक्रमात जोडता येतो. वाराणसीच्या विणकर वस्तीत, माणदेशातल्या एखाद्या वाडीत किंवा पुण्यातल्या सोसायटीत दहा-पंधरा जणांनी ठरवून एक कार्यक्रम ऐकायचा, नंतर अर्धा तास बोलायचं आणि दोन प्रश्न केंद्राला पाठवायचे, याला फारसा खर्च येत नाही. महापालिकेच्या पाण्याची सूचना रेडिओवर लागली, तर पाणी का नाही यावर केंद्र बोलू शकणार नाही. मंडळ मात्र बोलू शकेल, नगरसेवकाला बोलावून विचारूही शकेल, कारण परवान्याची अट प्रसारणाला आहे, ऐकणाऱ्यांच्या बैठकीला नाही. मंडळाला लागतो तो एक रेडिओ, एक वही आणि चर्चा चालवणारा एक शांत माणूस.